दंड सरकारजमा, भरपाई कोणाची?

द्वारका चौकात एखाद्या बाइकला ट्रकने ठोकलं, तर पुढे दोन वेगवेगळी प्रकरणं सुरू होतात. एक पोलिसांचं, म्हणजे सरकार विरुद्ध ड्रायव्हर. त्यात दंड झाला तर तो सरकारी तिजोरीत जातो. दुसरं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातलं, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात. तिथे पाय मोडलेला माणूस स्वतः अर्ज करतो आणि दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, भोगलेला त्रास याचे पैसे थेट त्याच्या हातात येतात. पहिल्यात दंड, दुसऱ्यात भरपाई.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'फाइन' आणि 'डॅमेजेस' हे शब्द मला आधी भेटले, पण त्यातला फरक डोक्यात पक्का बसला तो या दोन मराठी शब्दांमुळे. 'भरपाई'मधे 'भरणे' आहे. जे रिकामं झालं ते भरून द्यायचं, आणि ज्याचं रिकामं झालं त्यालाच द्यायचं. कायद्याचा जो भाग हे काम करतो त्याला खाजगी कायदा म्हणतात. खाजगी म्हणजे गुपित नव्हे, तर माणूस आणि माणूस किंवा माणूस आणि कंपनी यांच्यामधला. करार, विश्वस्तपणा, ग्राहकाचे हक्क आणि टॉर्ट, ज्याला मराठी पुस्तकात अपकृत्य म्हणतात, हे सगळं त्यात येतं.

आता ट्रकच्या जागी एखादी बँक किंवा एखादं अॅप ठेवा आणि मोडलेल्या पायाच्या जागी आपली माहिती. म्हणजे अंगठ्याचा ठसा, पासवर्ड, डॉक्टरचे रिपोर्ट वगैरे. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे ही माहिती बाहेर गेली आणि आपलं नुकसान झालं, तर एमएसीटीसारखी एखादी खिडकी आहे का? आहे. निदान मे २०२७ पर्यंत तरी आहे! हॉस्टेलमधे मी दहाबारा जणींना विचारलं, पण ती कुठे आहे हे एकीलाही सांगता आलं नाही. आम्ही सगळ्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या, आणि उद्या हीच माहिती सांभाळायच्या नोकऱ्या करणार. म्हणून हा लेख.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. एप्रिल २००५ मधे पुण्याच्या एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांना आणि माजी कर्मचाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या चार खातेदारांशी फोनवर गोड बोलून त्यांचे पिन नंबर काढून घेतले गेले होते आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांमधे वळवले गेले होते. चोर सापडले हे ठीक. पण ज्या व्यवस्थेतून हे पिन बाहेर पडले, तिची जबाबदारी काय? आयटी अॅक्ट २००० मधे कॉम्प्युटरमधे घुसखोरी करणाऱ्याकडून भरपाई मागायची सोय होती. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून मागायची नव्हती. म्हणजे चोर जबाबदार, पण तिजोरी उघडी ठेवणारा मोकळा.

ही फट २००८ च्या दुरुस्तीने बुजवली. २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ४३-ए लागू झालं. त्याचा साध्या भाषेतला अर्थ असा. एखादी कंपनी आपली संवेदनशील वैयक्तिक माहिती तिच्या कॉम्प्युटर यंत्रणेत ठेवते, ती सुरक्षित ठेवण्यासाठी जी वाजवी काळजी घ्यायला हवी ती घेत नाही, आणि त्यामुळे कोणाचं गैरवाजवी नुकसान होतं किंवा कोणाचा गैरवाजवी फायदा होतो, तर ती कंपनी त्या माणसाला भरपाई द्यायला बांधील आहे. भरपाईला वरची मर्यादा नाही. दावा पाच कोटींपर्यंत असेल तर तो राज्याच्या आयटी सचिवापुढे चालतो, कारण कायद्याने तोच न्यायनिर्णय अधिकारी. आपल्यासाठी म्हणजे मंत्रालय, मुंबई. पाच कोटींच्या वर असेल तर दिवाणी कोर्ट. (पाच कोटींचा दावा करणारा आपल्या मेसमधे कोणी असेल तर त्याने आधी मेसचं बिल भरावं!)

हे कलम नुसतं कागदावर राहिलं असं समजू नका. २०१३ मधलं पूना ऑटो अॅन्सिलरीज विरुद्ध पंजाब नॅशनल बँक हे प्रकरण बघा. पुण्याच्या या कंपनीच्या संचालकांना एक फिशिंग ईमेल आला, त्यांनी त्याला उत्तर दिलं आणि खात्यातून ८० लाख १० हजार रुपये दुसऱ्यांच्या खात्यांमधे गेले. साहजिकच बँकेचं म्हणणं, चूक तुमची. आता गंमत बघा. तेव्हाचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी दोघांचीही चूक मोजली. ईमेलला उत्तर दिलं म्हणून नुकसानीचा काही वाटा तक्रारदाराचा. पण पैसे ज्या खात्यांमधे गेले ती खातीच लबाडीसाठी उघडलेली होती आणि ती रोखण्यासाठी लागणारी तपासणी बँकेने पुरेशी केली नव्हती, म्हणून बाकीचा वाटा बँकेचा. बँकेने ४५ लाख द्यावेत असा आदेश झाला. म्हणजे साधारण ५६ टक्के.

मला हा आकडा फार आवडतो. पोलिस केसमधे माणूस दोषी असतो किंवा नसतो, शून्य किंवा एक. खाजगी कायद्यात मात्र शून्य आणि एक यांच्या मधलं काहीही चालतं. जितकी ज्याची चूक तितका त्याचा वाटा. फसवणूक झालेल्याला आपण एका वाक्यात मोडीत काढतो, "तूच ओटीपी दिलास ना, मग आता भोग!" या आदेशात तसं झालेलं नाही.

पण या कलमाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. पहिली म्हणजे 'संवेदनशील' या शब्दाची. २०११ च्या नियमांत त्याची यादी दिलेली आहे: पासवर्ड, बँक खात्याची आणि कार्डाची माहिती, शारीरिक व मानसिक आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक्स. या यादीत मोबाइल नंबर नाही, घरचा पत्ता नाही, फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट नाही. हजेरीच्या मशीनवर रोज आपण जो अंगठा लावतो तो यादीत आहे, पण त्याच रजिस्टरमधला आपला नंबर नाही. बारावीच्या वर्षी मी एका सेमिनारच्या फॉर्मवर नंबर लिहिला होता. निकालाच्या दिवशी आईच्या आणि माझ्या फोनवर मिळून सोळा क्लासेस आणि कॉलेजांचे फोन आले, काहींना तर माझी पर्सेंटेजही पाठ! यासाठी ४३-ए खाली मला काहीही मागता आलं नसतं. नंबर संवेदनशील नाही आणि माझा एक रुपयाही गेला नाही.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे, आणि अल्गोरिदमचा संबंध येतो तो इथे. ४३-ए च्या डोक्यात जे चित्र आहे ते कपाटाचं. कपाटात फाइल आहे, कुलूप ढिलं आहे, फाइल चोरीला गेली. पण आता बऱ्याचदा काहीच चोरीला जात नाही. आपणच दिलेल्या साध्या माहितीवरून प्रोग्राम आपल्याबद्दल नवीन माहिती तयार करतो. मशीन लर्निंगच्या लॅबमधे आपण हेच करतो. पिनकोड, वय, रात्री किती वाजता ऑनलाइन, महिन्याला किती रिचार्ज एवढे कॉलम दिले की लॉजिस्टिक रिग्रेशन सांगतं, हा माणूस कर्ज फेडेल की नाही. मॉडेलची अॅक्युरसी ८७ टक्के आली की आपण खूश होऊन जर्नलवर सही घेतो. उरलेल्या १३ टक्क्यांमधे कोण आहे हे आपल्याला कोणी विचारत नाही. समजा त्यात सातपूरचा एखादा कामगार असेल, ज्याने आजवर एक हप्ता चुकवला नाही, पण त्याचा पिनकोड मॉडेलला आवडला नाही. त्याची कुठली फाइल चोरीला गेली? कुठलीच नाही. मग भरपाई कशाची?

हा प्रश्न युरोपातल्या कोर्टांपुढे अगदी उघड उघड आला. ऑस्ट्रियाच्या पोस्टाने अल्गोरिदम चालवून नागरिकांना कुठला राजकीय पक्ष आवडत असेल याचा अंदाज बांधला होता. एका गृहस्थांच्या नावापुढे जो पक्ष लागला तो बघून ते भयंकर चिडले. ही माहिती बाहेर कोणाला दिलेली नव्हती आणि पैशाचं नुकसान शून्य. तरी त्यांनी मनस्तापाचे एक हजार युरो मागितले. ४ मे २०२३ रोजी युरोपियन युनियनच्या न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. नुसता नियम मोडला म्हणून आपोआप भरपाई मिळणार नाही, नुकसान दाखवावं लागेल. पण ते नुकसान पैशाचंच असलं पाहिजे असं नाही, आणि ते अमुक इतकं मोठं असलं तरच चालेल अशी अटही घालता येणार नाही. अल्गोरिदमने आपल्याबद्दल काहीतरी ठरवून टाकलं याचा त्रास हेही नुकसान असू शकतं, एवढं दार तिथे उघडं राहिलं.

आपल्याकडे काय झालं? २०१७ मधे सरकारने न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव आपल्या आईवडिलांना चांगलंच माहीत असतं. त्यांच्या समितीने जुलै २०१८ मधे अहवाल आणि कायद्याचा मसुदा दिला. त्यातली मुख्य कल्पना खाजगी कायद्यातूनच उचललेली होती. माहिती गोळा करणारी कंपनी म्हणजे मालक नव्हे, ती विश्वस्त. इंग्रजीत फिड्युशिअरी. देवस्थानचा विश्वस्त दानपेटीची किल्ली बाळगतो, पण पेटीतले पैसे त्याचे नसतात, तसंच. आणि विश्वस्ताने विश्वास मोडला तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येईल असं कलम त्या मसुद्यात होतं. २०१९ च्या विधेयकातही होतं.

शेवटी जो कायदा झाला तो ऑगस्ट २०२३ मधला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि तेव्हाच्या अधिसूचनेप्रमाणे मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मधे लागू होतात. यात चांगलं पुष्कळ आहे हे मान्य केलंच पाहिजे. 'संवेदनशील'ची ती यादी गेली. ज्यावरून माणूस ओळखू येतो अशी कुठलीही डिजिटल माहिती, अगदी मोबाइल नंबरसुद्धा, यात येते. संमती मागताना ती नोटीस मराठीत वाचायची सोय कंपनीला द्यावी लागेल. ज्या बड्या कंपन्यांना सरकार 'महत्त्वाच्या' ठरवेल, त्यांना आपले अल्गोरिदम लोकांच्या हक्कांना धोका पोहोचवत नाहीत ना हे तपासावं लागेल. सुरक्षा राखली नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत.

पण तो अडीचशे कोटींचा दंड जाणार कुठे? कायद्यात स्पष्ट लिहिलंय, भारताच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून एक रुपयाही नाही. भरपाईचं कलम २०२३ च्या कायद्यात ठेवलेलंच नाही. एवढंच नाही, तर याच कायद्याच्या कलम ४४ मधे एक छोटीशी ओळ आहे, जी आयटी अॅक्टमधून ४३-ए काढून टाकते. म्हणजे विश्वस्त हा शब्द ठेवला, पण ज्याच्यासाठी तो विश्वस्त आहे त्याची मागणी वगळली. याउलट तुम्हीआम्ही खोटी किंवा फालतू तक्रार केली तर आपल्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद मात्र शाबूत!

सरकारच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पाचशे रुपये गेले म्हणून कोण मंत्रालयात अर्ज घेऊन जाणार? एकेकट्याने भांडण्यापेक्षा एका बोर्डाने चौकशी करून मोठा दंड ठोकला तर कंपन्यांना जास्त धाक बसेल, हा युक्तिवाद खोटा नाही. पण दोन्ही एकत्र नांदू शकतात. युरोपच्या कायद्यात जबर दंडही आहे आणि कलम ८२ खाली माणसाला भरपाईही. आपल्या मोटार अपघातातही दोन्ही आहेतच की. ट्रकवाल्याला दंड झाला म्हणून एमएसीटी बंद करा असं कोणी म्हटलेलं नाही.

मे २०२७ ही तारीख नाशिककरांच्या डोळ्यात भरावी अशी आहे. त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्याकडे सिंहस्थ आहे. राहायचं बुकिंग, पार्किंग, फिरायचं अॅप, सगळीकडे लाखो लोक नाव, नंबर आणि आधारची झेरॉक्स देणार. थोडं विषयांतर होतंय, पण २०१५ च्या कुंभमेळ्यात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने गर्दी मोजण्यासाठी 'आशिओतो' नावाची चटई बनवली होती. पाय पडला की दाब कळतो आणि आकडा वाढतो. कोण गेलं हे चटईला कळत नाही, किती गेले एवढंच कळतं. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटण्याचा प्रश्न येत नाही. प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्या बीईच्या मित्रमैत्रिणींनी हे जरूर बघावं.

असो. ४३-ए गेल्यावर उरतं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सांगितलं होतं की खाजगीपणाला दोन अंगं आहेत, एक राज्यघटनेचं आणि दुसरं टॉर्टचं, म्हणजे भरपाई मागण्याचं. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हा दिवाणी दावा करता यायला हवा. पण नव्या कायद्याचं कलम ३९ म्हणतं की ज्या बाबी बोर्डाच्या अखत्यारीत आहेत त्यात दिवाणी कोर्टाने पडू नये. भरपाई देणं हे बोर्डाच्या अखत्यारीतच नाही, म्हणून ते कोर्टाकडे शिल्लक राहतं, असं मला वाटतं. अर्थात मी वकील नाही, आणि समोरच्या कंपनीचा वकील नेमकं उलटं म्हणेल.

आवाजाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालय बरंच पुढे गेलंय. एआय वापरून अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना जुलै २०२४ मधे मनाई झाली, आणि सप्टेंबर २०२५ मधे आशा भोसले यांच्या आवाजाबद्दलही तसाच अंतरिम आदेश झाला. हासुद्धा खाजगी कायदाच. फक्त त्यांच्या आवाजाला बाजारभाव आहे आणि तो फुकट वापरला गेला हे कोर्टाला लगेच दिसतं. आमच्या गॅदरिंगमधल्या गायिकेचा आवाज कोणी चोरला तर तिने काय दाखवायचं?

ग्राहक कायदा २०१९ हा आणखी एक रस्ता. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि जिल्हा आयोग नाशकातच आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मधे पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्राला या रस्त्याची सवय आहे. अडचण एकच. ग्राहक म्हणजे पैसे मोजणारा. फुकटच्या अॅपवर आपण पैसे मोजत नाही, माहिती मोजतो. ती किंमत धरायची की नाही?

शेवटी एक अगदी छोटी भरपाई सांगते, जी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे. एज्युकेशन लोनचा अर्ज केला की बँक आधी सिबिल स्कोअर बघते, आपला आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचा. सिबिल ही मुंबईतली कंपनी, स्थापना २००० ची. स्कोअर ३०० ते ९०० मधला एक आकडा, आणि तो माणूस नाही, अल्गोरिदम ठरवतो. जर्मनीतल्या अशाच एका स्कोअरबद्दल ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपियन न्यायालयाने म्हटलं की बँक त्या आकड्यावरच मुख्यतः विसंबणार असेल, तर आकडा काढणं हाच यंत्राने दिलेला निर्णय आहे. आपल्याकडे एवढं कोणी म्हटलेलं नाही. पण स्कोअरच्या मागची माहिती चुकीची असेल, समजा वडिलांनी २०१९ मधे फेडलेलं ट्रॅक्टरचं कर्ज अजून थकीत दिसत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे तक्रार तीस दिवसांत मिटवावी लागते. नाही मिटली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये तक्रारदाराला मिळतात. बँकेने दुरुस्ती पाठवायला एकवीस दिवसांपेक्षा जास्त लावले तर पैसे बँकेने द्यायचे, बँकेने वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनी अडून बसली तर तिने. एकत्रित निधीत नाही, आपल्या खात्यात.

आपला पूर्ण क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. सुट्टीत घरी गेलात की वडिलांना शेजारी बसवून तो काढा, एकेक कर्ज त्यांच्याकडून तपासून घ्या. चूक सापडली तर तक्रार करताना आपल्या बँक खात्याचा तपशील द्यायला विसरू नका, आणि तक्रारीची तारीख वहीत लिहून ठेवा. एकतिसाव्या दिवसापासून मीटर सुरू होतं.